मुंबईत रूम पाहिजे? आधी बजेट सांगा

दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "अरे तू त्या हॉटेल लाइनमधे आहेस ना, मुंबईत दोन-अडीच हजारात एखादी बरी रूम बघ की. फॅमिली आहे, स्वच्छ पाहिजे, बाथरूम नीट पाहिजे, स्टेशनजवळ असेल तर सोन्याहून पिवळं." फोन कधी सांगलीचा, कधी जळगावचा, कधी परभणीचा. मी काही वर्षं अंधेरीकडच्या हॉटेलांत रिझर्वेशनला होतो, आता कंपन्यांची बुकिंगं करतो, त्यामुळे लोकांना वाटतं याच्या खिशात चाव्या असणार. चाव्या नाहीत हो. आणि खरं सांगायचं तर तुम्ही सांगताय तशी रूम या शहरात जवळपास कुणी बांधतच नाहीये.

म्हणजे गंमत बघा, पेपर उघडला की हॉटेल धंदा जोरात आहे हेच वाचायला मिळतं आणि ते खोटं नाहीच. मुंबईतली ब्रँडेड हॉटेलं वर्षाच्या सरासरीत पंच्याहत्तर टक्क्यांच्या आसपास भरलेली असतात, देशातल्या मोठ्या शहरांत मुंबई याबाबतीत सगळ्यात वर नाहीतर वरच्या एक-दोघांत असते, आणि सरासरी भाड्यातही तेच. आता पंच्याहत्तर टक्के ऐकून वाटेल की चला, चारातली एक रूम तर रिकामी आहे. पण ही सरासरी आहे, रविवार धरून, भर पावसाळा धरून, दिवाळीचे चार दिवस धरून. मंगळवार-बुधवारी एअरपोर्टजवळ नाहीतर बीकेसीत, म्हणजे बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्समधे, रूम शोधा, मग कळेल. मंगळवार-बुधवार हे आमच्या धंद्यातले सणाचे दिवस. गोव्यात शनिवार भरतो, मुंबईत मंगळवार भरतो, कारण इथे येणारा माणूस समुद्र बघायला येत नाही, मीटिंगला येतो. समुद्र तो टॅक्सीतून बघतो, तेही कोस्टल रोडने गेला तर.

हे विसरू नका की २०२० आणि २०२१ मधे याच धंद्यात लोक घरी बसले होते. मोठमोठी हॉटेलं क्वारंटाइन सेंटर झाली, एअरपोर्टसमोरचं हयात रिजन्सी जून २०२१ मधे बंद पडलं ते पगाराला पैसे नाहीत म्हणून. माझ्याबरोबर काम केलेले कितीतरी जण लाइन सोडून गेले, कुणी इन्शुरन्स विकायला लागला, कुणी गावी जाऊन पोल्ट्री काढली. ती माणसं परत आलीच नाहीत, त्यामुळे आज पाच तारे लावलेल्या हॉटेलातही चेक-इनच्या काउंटरवर कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेली मुलं दिसतात आणि तुमचं नाव तीनदा विचारतात. त्यांचा दोष नाही, शिकवायला मधल्या फळीतलं कुणी उरलंच नाही.

तर धंदा परत आला, आणि परत आला तो वेगळ्या जागी आला. हे नीट सांगायला पाहिजे. माझ्या वडिलांच्या पिढीसाठी मुंबईतलं मोठं हॉटेल म्हणजे गेटवेसमोरचं ताज, नाहीतर नरिमन पॉइंटचं ओबेरॉय. ताज १९०३ चं, म्हणजे गेटवे ऑफ इंडियाच्याही आधीचं, गेटवे पुरा झाला १९२४ ला. ताजचा टॉवर आणि नरिमन पॉइंटचं ओबेरॉय ही सत्तरच्या दशकातली. सगळं काही दक्षिण मुंबईत. मग सहार एअरपोर्टच्या आजूबाजूला हॉटेलं उभी राहिली, मग गिरण्यांच्या जमिनी उघडल्यावर लोअर परळ-वरळी, आणि आता गेली दहा-पंधरा वर्षं बीकेसी. बीकेसीत २०२२ ला जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर उघडलं, २०२३ ला एनएमएसीसी, म्हणजे नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर उघडलं, त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन तिथे झालं. अशी एक जागा उभी राहिली की तिच्याभोवतीच्या सगळ्या हॉटेलांची कॅलेंडरं तिच्या कॅलेंडरवर चालायला लागतात. हिऱ्यांचं प्रदर्शन असेल तर त्या आठवड्यात सांताक्रूझपासून सायनपर्यंत रेट चढतो, आणि ज्याला प्रदर्शनाशी काही घेणंदेणं नाही, जो बापडा भाचीच्या लग्नाला आलाय, तोही तोच रेट भरतो.

आणि लग्नांचं तर विचारूच नका. जुलै २०२४ ला बीकेसीत अंबानींच्या घरचं लग्न झालं तेव्हा तिथल्या एका हॉटेलचा एका रात्रीचा रेट नव्वद हजारांच्या वर दिसत असल्याच्या बातम्या आल्या होत्या. मग जानेवारी २०२५ ला कोल्डप्ले. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला १८, १९ आणि २१ तारखेला शो होते, तिकिटं निघाली सप्टेंबरमधे, आणि तिकिटं निघाल्या निघाल्या काही तासांत वाशी, नेरूळ, बेलापूरच्या हॉटेलांचे रेट असे काही उडाले की तीन रात्रींचे आकडे लाखांत गेल्याचे स्क्रीनशॉट फिरत होते. मी त्या आठवड्यात फोन सायलेंटवर टाकला होता. ज्या हॉटेलात एरवी आमचे इंजिनियर टीटीसी एमआयडीसीत कामाला आले की राहतात, जिथे नाश्त्याला उपमा आणि ब्रेड-बटर एवढंच मिळतं, तिथे लोक पन्नास-पन्नास हजार द्यायला तयार होते.

लोकांना वाटतं हे मॅनेजर बसून ठरवतो, की चला आज लुटूया. तसं नसतं. आता रेट मशीन ठरवतं. बुकिंगचा वेग वाढला, शेजारच्या हॉटेलांनी रेट वाढवला, त्या तारखेला सर्च वाढले, की सिस्टीम आपोआप रेट वर सरकवते, आणि रात्री तीन वाजताही सरकवते. माझ्या काळी रिझर्वेशनच्या टेबलावर काचेखाली टॅरिफ कार्ड असायचं, सीझन आणि ऑफ सीझन, दोन रेट, विषय संपला. नेहमीचा गिऱ्हाईक असेल तर वीस टक्के कमी करायचा अधिकार आम्हाला होता. आता तुम्ही काउंटरवर जाऊन "काही कमी करा की" म्हणालात तर समोरचा पोरगा खरोखर काही करू शकत नाही, तो तुमच्यासारखाच स्क्रीनकडे बघत असतो.

यात अजून एक गोष्ट आहे जी बाहेरच्यांना माहीत नसते, ती म्हणजे बोर्डावर नाव ज्याचं असतं त्याचं ते हॉटेल नसतं. बरेचदा इमारत असते बिल्डरची किंवा एखाद्या कंपनीची, आणि ब्रँड फक्त चालवतो, त्याची फी घेतो. सहारचं जेडब्ल्यू मॅरियट चॅले हॉटेल्स या कंपनीचं आहे, जी रहेजांची. कलिन्याचं ग्रँड हयात जुनिपर हॉटेल्सचं. या कंपन्या शेअर बाजारात आल्या, चॅले २०१९ ला, जुनिपर २०२४ ला, मग आयटीसीने हॉटेलं वेगळी काढून जानेवारी २०२५ ला लिस्ट केली. त्यामुळे आता दर तीन महिन्यांनी कुणीतरी कॉन्फरन्स कॉलवर विचारतं की भाव किती टक्क्यांनी वाढला. तिथे उत्तर "वाढला" असंच लागतं. रूम किती विकल्या यापेक्षा रूम कितीला विकली याला जास्त मान आहे, कारण रूम जास्त विकली की चादरी जास्त धुवाव्या लागतात, भाव वाढला की काहीच धुवावं लागत नाही.

आता जीएसटीचा भाग, कारण त्याच्यावरून माझं रोज कुणाशी तरी भांडण होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या रूमवर पाच टक्के, आधी बारा होता. साडेसात हजारांच्या वर अठरा. लोक खूश झाले, सात टक्के वाचले म्हणून. पण बारीक अक्षरातलं वाचा, पाच टक्के आहेत ते इनपुट क्रेडिटशिवाय. म्हणजे हॉटेलवाल्याने लॉंड्रीवर, साबण-शांपूवर, एसीच्या दुरुस्तीवर जो टॅक्स भरला तो त्याला परत मिळत नाही, मग तो काय करणार, थोडा बेस रेटमधे घालणार. काहींनी घातला. आणि साडेसातची ती रेघ म्हणजे तर मजाच आहे. रूम ७,५०० ची असेल तर टॅक्स धरून ७,८७५ होतात. तीच रूम ७,६०० ला लावली तर अठरा टक्क्यांनी ८,९६८. शंभर रुपये वाढवले, गिऱ्हाईकाच्या खिशातून जवळजवळ अकराशे गेले. त्यामुळे मुंबईत तुम्हाला ७,४९९ चे रेट ढिगाने दिसतील आणि मग एकदम नऊ हजार, दहा हजार. मधलं काही नाही, ७,८०० ला रूम विकणारा माणूस वेडा तरी असेल नाहीतर त्याचा अकाउंटंट सुट्टीवर असेल. ही रेघ पूर्वी बारा आणि अठराच्या मधे होती तेव्हा खड्डा सहा टक्क्यांचा होता, आता तेराचा झालाय.

तर मुद्द्यावर येतो. अडीच हजाराची चांगली रूम का नाही?

आमच्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे. रूम बांधायला जेवढा खर्च येतो, जागा धरून, त्याचा हजारावा भाग हे साधारण एका रात्रीचं भाडं असायला पाहिजे, तर हॉटेल जगतं. रूममागे एक कोटी खर्च झाला तर दहा हजार भाडं. आता उलटं करा. तुम्हाला अडीच हजार भाडं पाहिजे, म्हणजे रूम पंचवीस लाखात तयार व्हायला पाहिजे, जमीन, बांधकाम, फर्निचर, लिफ्ट, फायरची एनओसी, स्वयंपाकघर, लॉबी, सगळं त्यात. दादर-परळला पंचवीस लाखात काय येतं? नव्या टॉवरमधली कार पार्किंगची जागा, तीही बिल्डर ओळखीचा असेल तर. संपला हिशोब. बांद्र्याला बँडस्टँडवर सी रॉक हॉटेल होतं, १९९३ च्या मार्चमधल्या बॉम्बस्फोटांत ज्या तीन हॉटेलांत स्फोट झाले त्यातलं एक, त्याच जागेवर आता ताज बँडस्टँड होणार आहे. फेब्रुवारी २०२५ ला भूमिपूजन झालं, अडीच हजार कोटींचा प्रकल्प म्हणून सांगितलं गेलं, ३३० रूम आणि ८५ अपार्टमेंट. अडीच हजार म्हणा, फक्त पुढे कोटी लावा.

बरं, सरकारचं धोरणही त्याच दिशेला ढकलतं. मुंबईत हॉटेल बांधायला जादा एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची परवानगी मिळते, प्रीमियम भरून, पण ती स्टार कॅटेगरीच्या हॉटेलला. राज्याने हॉटेल व्यवसायाला उद्योगाचा दर्जा दिला, वीज-पाण्याचे दर उद्योगाच्या भावाने, चांगलीच गोष्ट आहे, पण पुन्हा त्याचा फायदा आधी तारेवाल्यांना. २०२४ च्या पर्यटन धोरणात एक लाख कोटींची गुंतवणूक आणि अठरा लाख रोजगार असं उद्दिष्ट आहे. त्यात एखादी ओळ अशी हवी होती की परभणीच्या माणसाला मुंबईत दोन दिवस राहायचं असेल तर त्याने काय करावं. धोरणात बुद्धिबळासारखी सगळी प्यादी मांडलेली असतात, हा एकटा पटाबाहेर.

कुणी म्हणेल जिंजर आहे की. आहे. ताजवाल्यांनी २००४ ला बेंगळुरूला इंडीवन नावाने जे पहिलं हॉटेल काढलं होतं त्याची कल्पनाच ही होती की हजाराच्या आसपास स्वच्छ रूम, फालतू थाट नाही, बॅग स्वतः उचला. तेच पुढे जिंजर झालं. आणि २०२३ च्या शेवटाला मुंबई एअरपोर्टजवळ, सांताक्रूझला, त्यांचं ३७१ रूमचं हॉटेल उघडलं, जिंजरमधलं सगळ्यात मोठं. मी जाऊन बघून आलो, छान आहे, कामाचं आहे, मीटिंगच्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही. पण आठवड्याच्या मधल्या दिवसांत त्याचा रेट बघा, आणि मग मला सांगा याला बजेट म्हणायचं का. त्यांची चूक नाही, वरचा ठोकताळा त्यांनाही लागू आहेच. एकेकाळी जे बजेट होतं ते वर सरकून मधलं झालं, मधलं होतं ते वरचं झालं, आणि खालची जागा रिकामी सुटली.

मग पूर्वी काय होतं? पूर्वी मराठी माणूस मुंबईत आला की हॉटेलात जातच नव्हता, हे पहिलं उत्तर. डोंबिवलीची मावशी, गिरगावातले काका, लालबागच्या चाळीतला गाववाला. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं आधीच झोपलेली, नववं गॅलरीत. आमदाराची ओळख असेल तर आमदार निवास, तिथे एका आमदाराच्या खोलीत अख्खं गाव उतरलेलं असायचं, आमदार कुठे झोपत असतील कुणास ठाऊक. आता मनोरा आमदार निवास पाडून नवीन बांधायला घेतलंय, चाळींचे टॉवर झालेत, आणि टॉवरमधल्या वन बीएचकेत मावशीलाच जागा पुरत नाही. शिवाय वॉचमन, गेटवरचं अॅप, "पाहुणे किती दिवस आहेत" वगैरे. लोकांनाही आता कुणाकडे उतरायला संकोच वाटतो, आणि ते बरोबरच आहे, सहा वाजता उठून दुसऱ्याच्या बाथरूमसाठी नंबर लावण्यापेक्षा अडीच हजार दिलेले परवडले. फोन येतात ते याच लोकांचे. पैसे द्यायला तयार आहेत, घ्यायला कुणी नाही.

दुसरं उत्तर म्हणजे जुनी लॉजिंग-बोर्डिंग. क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह आठवा, लोकमान्य मुंबईत आले की तिथे उतरायचे, १ ऑगस्ट १९२० ला गेले ते तिथेच. म्हणजे देशातला एवढा मोठा पुढारी लॉजिंगमधे राहत होता, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. गिरगाव, दादर, फोर्ट, सगळीकडे अशी गेस्ट हाऊसं होती, खाली खानावळ, वर खोल्या, मालक स्वतः गल्ल्यावर. त्यातली काही अजून चालू आहेत पण मालकांची पुढची पिढी अमेरिकेत, इमारत जुन्या भाडेकरूंच्या पगडी सिस्टीममधली, लाकडी जिने, रिपेअरला परवानगी नाही, आणि रिडेव्हलपमेंटची फाइल कुठेतरी पडून. इमारत पडली किंवा पाडली की त्या जागी परत गेस्ट हाऊस होत नाही, का होईल, वर सांगितला तोच हिशोब. काळा घोड्याला जी वॉटसन हॉटेलची इमारत आहे, एकोणिसाव्या शतकातली, लोखंडी सांगाडा थेट इंग्लंडहून आणून उभा केलेला, जिथे ७ जुलै १८९६ ला भारतात पहिल्यांदा सिनेमा दाखवला, ती बघा कशी उभी आहे. तिचंच जर असं, तर दादरच्या गेस्ट हाऊसला कोण विचारतो.

आणि जी छोटी हॉटेलं उरली त्यांची वेगळी रड. ऑनलाइन पोर्टलचं कमिशन पंधरा-वीस टक्के तर धराच, कधी जास्त. पोर्टलवर नसाल तर तुम्ही दिसतच नाही, आणि असाल तर तुमच्याच हॉटेलची रूम तुम्ही स्वतः कमी भावाला विकायची नाही अशी अट. याच असल्या अटींवरून आणि पोर्टलने ओयोशी केलेल्या करारावरून कॉम्पिटिशन कमिशनने ऑक्टोबर २०२२ ला मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटींचा आणि ओयोला जवळपास १६९ कोटींचा दंड लावला होता. पेपरात मोठी बातमी झाली. मरोळमधल्या माझ्या ओळखीच्या एका हॉटेलवाल्याला विचारलं काय फरक पडला, तो म्हणाला चहा घे. फॉरेनर घ्यायचा असेल तर चोवीस तासांत सी फॉर्म, म्हणजे परदेशी पाहुण्याची सरकारकडे नोंद, भरायचा, म्हणून कित्येक लॉज सरळ "फक्त इंडियन" सांगतात. लोकल आधार कार्डवाल्याला नाही, बॅचलरला नाही, जोडप्याला नाही. मग रूम देणार कुणाला? तरी फोटोत रूम अशी काही दिसते की आत जाऊन बघितल्यावर आपणच चुकीच्या मजल्यावर आलो असं वाटतं. खिडकी म्हणून पडदा असतो, पडदा सरकवला की भिंत. हा प्रकार मुंबईत इतका सर्रास आहे की मी आता बुकिंगच्या आधी एकच प्रश्न विचारतो, खिडकी उघडते का.

पॉड हॉटेलं आली, म्हणजे एका माणसाला झोपण्यापुरता कप्पा, ते एक बरं झालं. अंधेरी पूर्वेला २०१७ मधे पहिलं उघडलं, मग नोव्हेंबर २०२१ ला मुंबई सेंट्रल स्टेशनवर रेल्वेचं पॉड सुरू झालं, सुरुवातीला बारा तासांचे ९९९ रुपये होते, नंतर सीएसएमटीलाही झालं. एकटा माणूस, मंत्रालयात काम, सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेसने उतरला, अंघोळ केली, दोन तास पडला, काम करून रात्रीच्या महालक्ष्मीने परत कोल्हापूर, त्याला हे झकास. पण आईवडील आणि दोन पोरं घेऊन आलेला माणूस काय पाच पॉड घेणार? त्यात म्हातारीला वरच्या पॉडमधे कोण चढवणार.

आणि इथे मला राग येतो तो सांगतोच. पर्यटक म्हणून आपण कुणाला मोजतो? एलिफंटाचं तिकीट काढणारा, गेटवेला फोटो काढणारा, क्रूझने येणारा, हेरिटेज वॉक करणारा. २०१८ ला फोर्ट-मरीन ड्राइव्हच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना युनेस्कोचं नाव मिळालं, इंदिरा गोदीत नवीन क्रूझ टर्मिनल झालं, हे सगळं व्हायलाच पाहिजे, मला आनंदच आहे. (आणि ती उघड्या छताची डबल डेकर बस २०२३ च्या ऑक्टोबरात बंद केली ते मात्र नको व्हायला हवं होतं, पोरांना मुंबई दाखवायचा तेवढा एकच स्वस्त मार्ग होता.) पण ६ डिसेंबरला चैत्यभूमीला लाखो माणसं येतात, विदर्भातून, मराठवाड्यातून, रेल्वेच्या जनरल डब्यातून. दोन-दोन, तीन-तीन दिवस शिवाजी पार्कवरच्या मंडपात काढतात. एवढी माणसं एका कारणासाठी मुंबईत एका वेळी दुसऱ्या कुठल्याच दिवशी उतरत नसतील, गणपतीत लालबागला येतात ती सोडली तर. त्यांच्यासाठी पालिका मंडप, पाणी, टॉयलेटची सोय करते, करते हे कबूल, पण पर्यटनाच्या कुठल्याच प्रेझेंटेशनमधे ही माणसं नसतात.

तसंच परळचं टाटा हॉस्पिटल. बिहारपासून बंगालपर्यंत आणि आपल्या गडचिरोलीपासून लोक येतात, उपचार आठवड्यांचे नसतात, महिन्यांचे असतात. हॉटेल परवडत नाही, धर्मशाळेत नंबर लागत नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि अशा काही संस्था जे करतात ते हॉटेल इंडस्ट्री म्हणवणाऱ्या आपण सगळ्यांनी मिळून केलेलं नाही. हॉस्पिटलच्या आजूबाजूच्या फुटपाथवर पेशंट आणि नातेवाईक झोपलेले दिसतात, आणि तिथून थोड्या अंतरावर, त्याच परळ-वरळी पट्ट्यात, पंचवीस-तीस हजारांच्या रूम. मी त्या हॉटेलांच्या विरोधात नाही, त्यांच्यावरच माझं घर चालतं. पण जादा एफएसआय देताना शंभर रूममागे दहा रूम अशा लोकांसाठी ठेवा म्हणायला सरकारला काय झालं? एवढं तरी मागता येतं.

आता आशेची जागा, ती पुलापलीकडे आहे. जानेवारी २०२४ ला अटल सेतू उघडला, २१.८ किलोमीटर, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई एअरपोर्टचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता. एअरपोर्ट आला की हॉटेलं येतातच, सहारला जे झालं तेच उलवे-पनवेलला होणार, फक्त जमीन अजून थोडी स्वस्त आहे, म्हणून तिथे पाच-सहा हजारांची, कदाचित साडेतीन-चार हजारांचीही ब्रँडेड रूम उभी राहू शकते. राहू शकते असं म्हणतोय, कारण जमिनीचे भाव विमानाच्या आधी उडालेत. आणि क्रू, म्हणजे पायलट-एअर होस्टेस, त्यांच्यासाठी एअरलाइन्स वर्षभराच्या करारावर रूमचे ब्लॉक घेतात. एकदा ते सुरू झालं की हॉटेलवाल्याला अडीच हजाराच्या गिऱ्हाईकाची गरज राहत नाही. माझा अंदाज, जे काही स्वस्त मिळायचं ते पहिल्या दोन-तीन वर्षांतच मिळेल.

मेट्रो तीनने मात्र खरोखर फरक पडलाय. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण लाइन चालू आहे, एअरपोर्टच्या टी वन आणि टी टू दोन्ही टर्मिनलना स्टेशन, पुढे बीकेसी, दादर, सीएसएमटी, चर्चगेट. त्यामुळे "स्टेशनजवळ" म्हणजे दादर किंवा सीएसएमटीच पाहिजे हा हट्ट सोडा. मरोळ, सीप्झ, एमआयडीसीच्या बाजूला जी मधल्या दर्जाची हॉटेलं आहेत ती आठवडाभर कंपन्यांच्या माणसांनी भरलेली असतात आणि शुक्रवारी संध्याकाळी रिकामी होतात. तीच रूम बुधवारी सहा हजारांची असते आणि शनिवारी साडेतीनची. तुम्ही येणार फिरायला, सिद्धिविनायक, राणीची बाग, गेटवे, मग शनिवार-रविवारच या ना. वाशी-बेलापूरला तर शनिवारी अजून खाली. हॉटेलला थेट फोन करा, पोर्टलवरचा रेट सांगा आणि विचारा की याच भावात नाश्ता घालता का. रेट कमी करता येत नाही म्हणतील पण नाश्ता घालतात, कारण कमिशन वाचलेलं असतं. साडेसात हजारांच्या आतली रूम असेल तर बिलावर पाचच टक्के लागलेत ना ते बघा, आणि वर "सर्व्हिस चार्ज" असेल तर तो काढायला सांगा. खिडकीचं विचारायला विसरू नका.

आणि जानेवारी-फेब्रुवारीत येणार असाल तर रेल्वेचं तिकीट काढायच्या आधी एवढं बघा की त्या शनिवार-रविवारी डी. वाय. पाटीलला किंवा महालक्ष्मी रेसकोर्सला कुणाचा शो आहे का, वानखेडेला मॅच आहे का. असेल तर पुढचा आठवडा धरा, नाहीतर मावशीला फोन करा.